चार गाडगी

शालन माने पातेलंभर दूध उकिरड्यावर ओतत होती. सकाळचे साडेआठ झाले असतील. मी गोठ्याच्या कोपऱ्यावरून वळले आणि ती दचकली. पातेलं तसंच तिरकं धरून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जणू मला ती दिसली नाही तर दूधही दिसणार नाही.

"आत्तींना सांगू नका, बाई," ती म्हणाली.

"काय सांगू नको?"

"ह्येच. आजबी बसलं न्हाई त्ये."

मी जवळ जाऊन पाहिलं. पातेल्याच्या तळाशी उरलेलं दूध पातळ होतं. दही झालेलं नव्हतं आणि नासलेलंही नव्हतं. विरजण लावलेलं दूध चैत्रातल्या उकाड्यात झाकून ठेवलं तर सकाळपर्यंत त्याचं दही होतं, नाहीतर ते बिघडतं. हे मात्र काल लावलं तसंच राहिलं होतं. मला तेव्हाच ते विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण मी दुसऱ्याच कामासाठी आले होते. पण बाटली बरोबर होती, म्हणून सवयीने मी त्या दुधाचा नमुना घेतला.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून नुकतीच आमच्या महाविद्यालयाच्या एका प्रकल्पावर लागले होते. खेड्यात माणसांना आणि जनावरांना प्रतिजैविकं कशी दिली जातात, आणि त्या औषधांना न जुमानणारे जंतू किती पसरलेत, हे पाहायचं होतं. माझ्या वाट्याला वाघजाईवाडी आली. साठ घरं आणि घरटी एखाददुसरी जर्सी गाय. लोकांना या विषयात सामील करून घ्यायचं, असंही कामाच्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यासाठी मी 'प्रतिजैविक-प्रतिरोध' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पोस्टर घेऊन देवळाच्या मंडपात तीन सभा लावल्या. पहिल्या सभेला अकरा बायका आल्या, दुसरीला चार. तिसऱ्या सभेला मी आणि पोस्टर असे दोघंच होतो.

शालनच्या घरी मी आले होते तिच्या आत्तींच्या, म्हणजे सासूच्या, बोटासाठी. गवराक्कांना दोन महिन्यांपूर्वी वैरण कापताना विळा लागला होता. जखम भरत नव्हती. तिच्यातून कापसाच्या काडीवर थोडा पू घेऊन मला तपासायला न्यायचा होता.

"आल्या बाई," सोप्यात बसलेल्या गवराक्का म्हणाल्या. उंच, हाडापेराने मजबूत बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "पू न्यायला आलाय न्हवं? न्या की. दुधाला गिऱ्हाईक हाय, ह्याला तुमच्याबिगर कोन इचारतंय."

मी बोटाची पट्टी सोडली. दुसरं पेर सुजून लालभडक झालं होतं.

"डॉक्टरनी गोळ्या दिल्या होत्या ना?"

"तीन दिस खाल्ल्या. उतार पडला, सोडल्या. परत आलं. परत खाल्ल्या. आता काय त्या गोळीला त्ये भीतच न्हाई बगा."

शालन चहा घेऊन आली. गवराक्कांनी तिच्या हाताकडे पाहिलं, कपाकडे नाही.

"ह्या आमच्या सूनबाई. दहा म्हयनं झालं येऊन. भाकरी म्हनाल तर पापुद्र्याची. पन दुधाला हात लावला की दूध तोंड फिरवतंय. अडीच म्हयनं झालं, ह्या घरात दही बसलं न्हाई."

"दुधातच काही दोष असेल," मी म्हणाले.

"दूध तांबूचं. पाच वर्सं त्याच गाईचं दही खातोय आमी." त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या शुक्रवारी जत्रा हाय, बाई. तुमाला ठावं न्हाई, म्हनून सांगतो. वाघजाईला मानाचं दही आमच्या घरातनं जातंय. नव्या सुनेचा पहिला चैत आसला की तिनंच त्ये लावायचं. देवीम्होरं गाडगं उपडं करायचं. दही पडलं न्हाई तर देवीनं सून पदरात घेतली. पडलं तर न्हाई घेतली."

"आणि नाही घेतली तर?"

"तर जावं माहेराला. फुडल्या चैतात बगू."

त्या हे रागाने बोलत नव्हत्या. पाऊस आला नाही तर पेरणी लांबते, तितक्या सरळपणे बोलत होत्या. शालन दाराच्या चौकटीला नख लावून उभी होती. तिचा नवरा साखर कारखान्याच्या ट्रकवर होता, महिन्यातून चार दिवस घरी यायचा. फुडला चैत म्हणजे काय, हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नसावं.

प्रयोगशाळेत मी आधी बोटाचा नमुना लावला. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि त्यांच्यावर निरनिराळ्या औषधांच्या आठ चकत्या ठेवायच्या. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती जंतू मरून रिकामं वर्तुळ दिसतं. गवराक्कांच्या बशीत आठांपैकी दोनच वर्तुळं होती. बाकीच्या सहा चकत्यांच्या कडेपर्यंत जंतू गालिच्यासारखे पसरले होते.

दुधाची बाटली फेकून देणार होते. मग वाटलं, न बसणारं दही म्हणजे शेवटी न वाढणारे जंतूच. म्हणून साध्या औषधानेही मरतो असा एक जंतू दुसऱ्या बशीत वाढवला आणि त्या दुधात भिजवलेला कागदाचा तुकडा त्यावर ठेवला. जत्रेच्या आठवडाभर आधी, शुक्रवारी सकाळी बशी उघडली, तर कागदाभोवती नखाएवढं रुंद, स्वच्छ रिकामं वर्तुळ होतं.

दुधात औषध होतं. दही लावणाऱ्या जंतूंना तेच मारत होतं. शालनच्या हाताचा त्यात काही संबंध नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी दुपारचीच एसटी पकडली, आणि तिथेच चूक केली. संध्याकाळी पाचला दूध संस्थेसमोर कॅन, किटल्या घेऊन तीस-चाळीस बायका रांगेत उभ्या होत्या. गवराक्का रांगेत, शालन त्यांच्या मागे. मी बशी हातात धरून सरळ त्यांच्यापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गवराक्का, तुमच्या दुधात काहीतरी आहे."

दूध संस्थेच्या रांगेत या वाक्याचा एकच अर्थ होतो. तो मला माहीत नव्हता. पुढच्या-मागच्या बायका वळून बघायला लागल्या.

"काय हाय?" गवराक्कांनी हळू आवाजात विचारलं.

"औषध. ही बशी बघा. तांबूला कुणी काही देतंय का?"

"वर्सभरात जनावरांचा डॉक्टर माझ्या दारात आला न्हाई. आन पस्तीस वर्सं दूध घालतोय मी हितं, पान्याचा थेंब न्हाई घातला." त्यांनी बशीत पाहिलं. "ह्ये काय दावताय? बुरशी आलीया ह्याला."

मागून कुणीतरी हसलं. मी समजावू लागले. जंतू, चकती, वर्तुळ. माझं वाक्य संपायच्या आत गवराक्का सुनेकडे वळल्या.

"तुमास्नी दूध दिलं कुनी? हिनंच न्हवं? घरातलं चवाट्यावर न्यायला शिकली ही." मग पुन्हा माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सोमवारी हिच्या भावाला बोलवतो. जत्रा माहेरातच कर म्हनावं."

मी बशी पिशवीत ठेवली. त्या दिवशी मी मुक्कामाला अंगणवाडीच्या खोलीत राहिले, आणि एसटीत मनाशी रचलेलं भाषण मला परत परत आठवत राहिलं.

शनिवारी सकाळी शालन पाटाच्या काठावर धुणं धूत होती. मी शेजारच्या दगडावर बसले.

"बाई, तुमी शिकलेल्या," मान वर न करता ती म्हणाली. "आदी मला इचारायचं हुतं. मी सांगितलं आसतं, रांगेत बोलू नका."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हनून काय हुतंय. सोमवारी दादा येईल." तिने लुगड्याचा पिळा दगडावर आपटला. "त्ये तुमच्या काचेतलं खरं हाय का पन?"

"खरं आहे. अगदी खरं. तुझ्या हातात काही खोट नाही. मी अजून एकदा बशी घेऊन सगळ्यांना नीट समजावते."

"त्या काचेत कोन बगनार? तुमी म्हनताय म्हनून त्यो रिकामा गोल दिसायचा व्हय आमाला?" ती थांबली. कपडा तसाच पाण्यात सोडून दिला होता तिने, आणि तो प्रवाहात हळूहळू लांब होत होता. "काच न्हाई कळत कुनाला. दही कळतंय. दही समद्यांना कळतंय."

"म्हणजे?"

"आमचं दूध पारूकाकीच्या हातात द्या. तिचा हात गावात नावाजलेला. आन पारूकाकीचं दूध माझ्या हातात द्या. माझ्या हातात खोट आसली तर तिचं दूध बसायचं न्हाई. दुधात आसली तर आमचं दूध तिच्याच्यानंबी बसायचं न्हाई."

सहा वर्षं मी प्रयोगाची रचना शिकले होते. दोन गोष्टींपैकी दोष कुणाचा हे ठरवायचं, तर दोघांची अदलाबदल करून पाहायची, हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं. पण हातात बशी होती म्हणून मला बशीच दिसत होती.

"शालन, किती शिकलीस तू?"

"सातवी. का ओ?"

"काही नाही. तो कपडा वाहून चाललाय बघ."

पारूकाकी कुंभार गल्लीच्या टोकाला राहायच्या. ठेंगण्या, दात पडलेल्या, तोंडाने फटकळ. साठांपैकी चाळीस घरांत विरजण त्यांच्या मडक्यातलं जायचं. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि आधी मानच हलवली.

"न्हाई बाबा. मानेच्या घरचं भांडन मी माझ्या मडक्यात का घिऊ? माझ्या हातचं न्हाई बसलं तर गाव मला थुकंल."

"तुमच्या हातानं नाही बसलं, तरच तर कळेल की दोष हाताचा नाही," मी म्हणाले.

"तुमाला कळंल ओ. गावाला कळायला पायजे न्हवं?"

शालन खाली बघत म्हणाली, "काकी, आत्ती काय म्हनत्यात ठावं हाय? एक तर माझा हात वाईट, न्हाईतर पारूचं इरजन नासलंय."

"कोन म्हनती?"

"परवा म्हनल्या. गोठ्यात."

पारूकाकी उठून उभ्या राहिल्या. "माझं इरजन? माझ्या सासूच्या सासूपासनं चालत आलंय त्ये." त्यांनी पदर खोचला. "उद्या सकाळी. देवळात. आन गवरीला मी सोता बोलवतो. बगतो कशी येत न्हाई."

खरोखरच त्या गेल्या आणि मानेंच्या दारात उभं राहून गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "गवरे, माझं इरजन नासकं म्हनतीस, तर उद्या देवीम्होरं येऊन म्हन."

रविवारी सकाळी साडेपाचला देवळाच्या मंडपात पन्नासेक बायका होत्या. माझ्या तीनही सभांना मिळून एवढ्या आल्या नव्हत्या. मधोमध कुंभाराकडून आणलेली चार नवी गाडगी. गवराक्का खांबाला टेकून बसल्या होत्या, पट्टी बांधलेलं बोट मांडीवर. मी वहीत काय करायचं ते लिहून आणलं होतं. ते वाचायची वेळच आली नाही.

"थांब," गवराक्का म्हणाल्या. "पारू, तू म्हशीचं दूध आनलंस?"

"म्हशीचंच. का?"

"म्हशीचं दाटच बसतंय. गाईला गाय लावायची. न्हाईतर मी उठून जातो."

पारूकाकी घरी गेल्या आणि त्यांच्या गाईचं दूध घेऊन आल्या.

"इरजन कुनाचं?" मागून एका म्हातारीने विचारलं.

"माझं. चारीत येकच."

"मापानं घाला. येकात जास्ती, येकात कमी न्हाई पायजे."

"दूध तापवायचं आमच्यासमोर. येकाच चुलीवर."

"आन गाडगी ऊन बिन लागंल आशी ठिऊ नका. चारीबी सावलीत."

मी वही उघडली आणि आधीचं खोडून त्या बोलतील तसं लिहीत गेले. पुढे मी पुष्कळ चर्चासत्रांत बसले. इतक्या नेमक्या हरकती मला फार थोड्या वेळा ऐकायला मिळाल्या.

शेवटी असं ठरलं. तांबूचं दूध दोन गाडग्यांत, एकात शालनने विरजण लावायचं, दुसऱ्यात पारूकाकीने. पारूकाकीच्या गाईचं दूध उरलेल्या दोन गाडग्यांत, तसंच, एक शालनच्या हाताने आणि एक काकींच्या. तांबूची गाडगी डावीकडे, काकींची उजवीकडे. शालनने लावलेल्या गाडग्यांच्या गळ्यात हळदीचा दोरा बांधला, म्हणजे कोणतं कोणाच्या हातचं ते लांबूनही दिसावं. सात वाजता चारही गाडगी फडक्याने झाकली.

"तीन वाजता उगडायची," पारूकाकी म्हणाल्या.

"आन तवर कोन राखनार?" गवराक्का खांबापासून हलल्या नाहीत. "मी हितंच बसनार. मला कुनी फसवायचं न्हाई."

त्या खरोखर आठ तास तिथे बसल्या. बायका घरी गेल्या, भाकरी करून आल्या, परत गेल्या. शालन सासूसाठी जेवण घेऊन आली. गवराक्कांनी जेवण घेतलं, तिच्याशी बोलल्या नाहीत. मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. दुपारी उन्हाचा ताव वाढला तेव्हा गवराक्का अचानक मला म्हणाल्या, "बाई, माझ्या बोटाचं काय निघालं?"

"आठ औषधांतली दोनच त्याला लागू पडतात. बाकी सहांना ते जुमानत नाही. त्या दोनांपैकी एक मी डॉक्टरांना लिहून देते. पण सात दिवस घ्यायचं, मध्ये सोडायचं नाही."

"साहांना जुमानत न्हाई," त्या स्वतःशी म्हणाल्या.

तीनच्या आधीच मंडप भरला. गुरव सोडला तर सगळ्या बायकाच. पारूकाकींनी उजवीकडचं पहिलं गाडगं उघडलं, त्यांच्या दुधाचं, त्यांच्याच हातचं. गाडगं तिरकं केलं. दही हललं नाही. "ह्यात काय नवल न्हाई," कुणीतरी म्हणालं.

मग हळदीचा दोरा बांधलेलं उजवीकडचं गाडगं. काकींचं दूध, शालनचा हात. काकींनी ते तिरकं केलं, मग आणखी तिरकं केलं. मग दोन्ही हातांनी धरून सरळ उपडं केलं. दही गाडग्याला चिकटून राहिलं. कडेने पाण्याचा एक थेंब तेवढा ओघळला.

मंडपात कुजबुज सुरू झाली.

डावीकडचं शालनच्या हातचं गाडगं उघडलं. दूध. पातळ, हलणारं दूध.

राहिलं चौथं. तांबूचं दूध आणि गावातला सगळ्यात नावाजलेला हात. पारूकाकींनी फडकं काढलं, आत बघितलं, आणि गाडगं उचलून गवराक्कांच्या पुढे ठेवलं. गवराक्कांनी त्यात चांगलं बोट बुडवून वर काढलं. बोटावरून दूध टपकलं.

"बोल आता," पारूकाकी म्हणाल्या. पण आवाजात टोमणा नव्हता.

गवराक्कांनी बोट पदराला पुसलं. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली. पान-सुपारीच्या खालून एक बारीक, लांब नळीची प्लास्टिकची ट्यूब काढून फरशीवर ठेवली. गाईच्या सडात औषध सोडायची ट्यूब. बायकांनी ती लगेच ओळखली.

"डॉक्टर आला न्हाई, ह्ये खरं सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "पौषात तांबूला दगडी झाली. कास दगडावानी झालती. भाच्यानं ह्या ट्यूबा आनून दिल्या. चार दिसांत गाय बरी झाली. मला वाटलं, परत व्हायला नगो. म्हनून रोज धार काढल्यावर थोडं थोडं सोडत आले. येक ट्यूब चार दिस पुरवायची. अडीच म्हयनं झालं."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. मी म्हनलं, औषधच हाय, इख न्हाई." त्यांनी पट्टी बांधलेलं बोट वर केलं. "आन नळीत जरा उरायचं, त्ये टाकायचं कशाला म्हनून ह्या बोटाला लावायचे."

पौषातली गाय, न भरणारं बोट, न बसलेलं दही. मी चार महिने जे शोधत होते ते सगळं एका बाईच्या कमरेच्या पिशवीत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण गवराक्का अजून विचार करत होत्या, म्हणून थांबले. आदल्या दोन दिवसांत तेवढं शिकले होते.

"बाई, दह्यातबी जंतूच आसत्यात न्हवं?"

"हो. चांगले."

"म्हंजे आसं झालं बगा. दह्यातलं जंतू गरीब. थोड्या औषधानं मेलं. आन माझ्या बोटातलं रोज थोडं थोडं खाऊन निगरगट्ट झालं. गोळीला भीत न्हाई, मलमाला भीत न्हाई." त्यांनी ट्यूब बोटाने दूर सारली. "मीच पोसलं त्याला."

माझ्या पोस्टरवर त्यासाठी सोळा ओळी होत्या.

कुणीही त्यांना हसलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "आमच्यातबी ट्यूब हाय. आमीबी रोज सोडतोय." मग दुसरी. मग तिसरीने सांगितलं, जनावराला आणलेली पावडर पोराच्या गळवावर घातली होती. एकेक जण बोलत गेली. मी वहीचं नवं पान काढलं आणि लिहायला लागले. चार महिन्यांत घरोघर हिंडून जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते त्या तासाभरात सगळं सांगून झालं.

"मग आता ठरवायचं," पारूकाकी म्हणाल्या. "ज्या जनावराला औषध दिलं, त्याच्या शिंगाला तांबडा दोरा बांदायचा. त्याचं दूध डेरीत न्हाई, घरात न्हाई. रोज सकाळी वाटीभर दुधाला इरजन लावायचं. दही बसलं की दोरा सोडायचा. इरजन माझ्याकडनं न्यावं."

"आन औषध?" शालनने विचारलं. त्या मंडपात ती पहिल्यांदाच बोलली होती. "त्ये कुनी द्यायचं? भाच्यानं का डॉक्टरनं?"

सगळ्यांनी गवराक्कांकडे पाहिलं.

"डॉक्टरनं," गवराक्का म्हणाल्या. "आन सांगंल तितकंच, सांगंल तितकं दिस." मग उठता उठता, सुनेकडे न बघता, "सोमवारी तुज्या दादाला नगो बोलवायला. जत्रंला बोलाव. गाडगं बगायला."

सोमवारी मी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी तांबूची कास तपासली. सड केव्हाच बरा झालेला होता. शिंगाला तांबडा दोरा बांधला. मंगळवारी वाटीतलं दूध पातळच. बुधवारी कडेला थोडं धरलं. गुरुवारी सकाळी मी सोप्यात शिरले तेव्हा वाटी दह्यासकट उंबऱ्यावर उपडी धरून ठेवल्यासारखी पालथी होती, आणि गवराक्का तिच्याभोवती मुंग्या येऊ नयेत म्हणून हळदीची रेघ ओढत होत्या. दोरा सोडून त्यांनी तो खुंटीला अडकवला.

बोटाच्या गोळ्या त्यांनी सात दिवस घेतल्या. रोज गोळी घेतली की भिंतीवर कोळशाने एक रेघ मारायच्या. सातवी रेघ मारली तेव्हा मला बोलावून दाखवली.

त्यानंतर मी अनेक गावांत गेले. पोस्टर कधी नेलं नाही. चार गाडगी नेली, आणि पहिली काही वर्षं बरोबर शालनलाही नेलं. ती उभी राहून म्हणायची, "माझा हात वाईट हुता म्हनत हुते," आणि बायका पुढे सरकून बसायच्या. वाघजाईवाडीत औषधाच्या ट्यूबा दोन वर्षांत चौथाईवर आल्या. आमच्या प्रकल्पाच्या अहवालात त्याचा तक्ता आहे. 'निगरगट्ट' हा शब्द सरांनी अहवालातून काढायला सांगितला. मी काढला नाही.

पण मला आठवते ती जत्रेची दुपार. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. शालनचा भाऊ पुढच्या रांगेत, नवा फेटा बांधून, चेहरा पार उतरलेला. दोष दुधाचा होता, हे त्याला अजून कुणी सांगितलं नसावं. तांबूच्या दुधाचं, शालनच्या हातचं दही देवीसमोर आलं. गुरवाने घंटा वाजवली. शालनने गाडगं दोन्ही हातांत धरलं.

"थांब," गवराक्का म्हणाल्या.

त्या पुढे आल्या. गाडग्याच्या खाली, देवीच्या आणि सुनेच्या मधे, त्यांनी आपला हात पसरून धरला. बोटावर पट्टी नव्हती. जखम सुकली होती आणि कडेने फिकट गुलाबी नवी कातडी धरायला लागली होती.

"कर आता उपडं. पडलं तर माझ्या हातात पडंल."

शालनने गाडगं उपडं केलं. गवराक्कांचा हात तसाच पसरलेला होता, कोरडा. त्यांनी तो बराच वेळ खाली घेतला नाही.